रॅम आधी की एसएसडी? (आणि मला महागात पडलेली एक चूक)

ऐकता ऐकता मेनूची नावं लिहून घेणं जमत नाही, म्हणून हा एपिसोड इथे लिहूनही देतेय. पीसीसमोर बसाल तेव्हा फोनवर हे पान उघडं ठेवा.

तर झालं असं, की मध्यंतरी माझ्या मावसभावाचा फोन आला. "ताई, गेम सारखा अडकतोय गं. थोडे पैसे साठवलेत, पण एकच गोष्ट येईल त्यात. रॅम घेऊ की एसएसडी?"

मी म्हटलं, "अरे, आत्ता काहीच घेऊ नकोस. आधी गेम चालू कर आणि मी सांगते ते आकडे बघ."

आधी बघा, मग खर्च करा

गेम चालू असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. तीन गोष्टी लिहून घ्या: मेमरी किती टक्के भरलीय, स्पीड किती दिसतोय, आणि किती स्लॉट वापरात आहेत. मग त्याच पानावर डिस्कवर क्लिक करून ती किती टक्के कामात आहे ते बघा.

भावाचा पीसी म्हणजे रायझन ५ ५६००जी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, ८ जीबी रॅमची एकच स्टिक आणि १ टीबीची जुनी हार्ड डिस्क. मेमरी ९४ टक्के भरलेली, डिस्क १०० टक्के. तो म्हणाला, "बघ, डिस्कच स्लो आहे. एसएसडी घेतो."

इथेच बरेच जण फसतात. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा समजा आणि हार्ड डिस्क म्हणजे माळा. ओट्यावर जागा उरली नाही, की विंडोज थोडं सामान माळ्यावर टाकतं आणि लागेल तसं परत खाली काढतं. म्हणजे दर वेळी स्टूल आणा, वर चढा, खाली उतरा. डिस्क १०० टक्के दिसत होती ती यामुळे. खरी अडचण ओट्याची होती.

एक स्टिक की दोन?

त्यात ५६००जीचं ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असतं. त्याला स्वतःची मेमरी नसते, ते आपल्याच रॅममधून वाटा घेतं. डीडीआर४ ३२०० ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा नेते. तशाच दोन स्टिक दोन चॅनलवर लावल्या, की ५१.२. रस्ता दुप्पट रुंद! वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या पीसीत हा फरक गेम खेळताना सरळ जाणवतो. म्हणून भावाला सांगितलं, अजून एक ८ जीबी घे, बस.

घेताना काय बघायचं? डीडीआर४ च्या बोर्डात डीडीआर५ बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते. लॅपटॉपची रॅम आखूड असते, तीही चालत नाही. शक्यतो आहे त्याच कंपनीची, त्याच स्पीडची स्टिक घ्या. आम्ही ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो, तेव्हा जुनी स्टिक खिशात घालूनच नेली होती.

बसवताना स्विच बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण दोन-चार सेकंद दाबून ठेवा आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावा. मग स्टिक दाबा, 'टक्' आवाज येईपर्यंत. बोर्डावर चार स्लॉट असतील तर साधारणपणे प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा वापरायचा. खात्रीसाठी बोर्डाचं मॅन्युअल बघा. पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन थोडा वेळ काळीच राहू शकते. घाबरू नका, थांबा. तरीही काही आलं नाही, तर बंद करून स्टिक पुन्हा नीट बसवा.

शेवटचं आणि सगळ्यात विसरलं जाणारं काम: बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करा. काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात. ते केलं नाही, तर ३२०० ची म्हणून घेतलेली रॅम २४०० किंवा २६६६ वरच चालत राहू शकते.

मग एसएसडी कोणी घ्यावी?

तुमच्याकडे १६ जीबी रॅम असेल, ती भरत नसेल आणि तरी गेम हार्ड डिस्कवरून उघडायला वेळ लागत असेल, तर एसएसडी घ्या. एक लक्षात ठेवा, तिने एफपीएस फारसे वाढत नाहीत. लोडिंग कमी होतं, आणि मोठ्या मॅपच्या गेममध्ये मध्येच बसणारे झटके कमी होतात.

साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते, जेन ३ एनव्हीएमई ३५०० पर्यंत. ५६००जी जेन ३ पर्यंतच जातो, त्यामुळे त्यावर महागडी जेन ४ घेतली तरी ती जेन ३ च्याच वेगाने पळणार. आणि एम डॉट टू दिसली म्हणजे ती एनव्हीएमईच असेल असं नाही. तशाच आकाराची साटाही मिळते. आपल्या बोर्डाच्या स्लॉटमध्ये काय चालतं ते आधी बघा.

माझी चूक

मी पहिली एसएसडी लावली, तेव्हा जुनी हार्ड डिस्क जोडलेलीच ठेवली होती. विंडोज टाकताना सी, डी अशी नावं दिसत नाहीत, नुसतं ड्राइव्ह ०, ड्राइव्ह १. मी घाईत चुकीच्या ड्राइव्हचे पार्टिशन उडवले आणि त्यावरच विंडोज टाकलं. जुन्या डिस्कवर आजीच्या ओव्या होत्या, तिच्या आवाजात, मी फोनवर रेकॉर्ड केलेल्या. रिकव्हरी सॉफ्टवेअरने थोडे फोटो परत मिळाले. ओव्या नाही मिळाल्या. आणि आता पुन्हा रेकॉर्ड करायला आजी नाही.

म्हणून सांगते, आधी जपायचं ते सगळं दुसऱ्या जागी कॉपी करा, आणि कॉपी केलेलं उघडून बघा. मग जुन्या डिस्कची साटा केबल काढून ठेवा. विंडोज नव्या एसएसडीवर टाकून झालं, की पीसी बंद करून ती केबल परत जोडा. पाच मिनिटांचं काम आहे.

भावाचा गेम आता नीट चालतोय. एसएसडी तो दिवाळीत घेणार आहे. मावशीचे सगळे फोटो मात्र त्याने आत्ताच दोन ठिकाणी कॉपी करून ठेवलेत.

तुम्हीही आज तेवढं करा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!