जुना संगणक: दुरुस्ती की नवी खरेदी?

आठ-दहा वर्षे वापरलेला घरचा संगणक रखडतो तेव्हा दोष बहुधा प्रोसेसरचा नसतो, हार्ड डिस्कचा असतो. तिच्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि हवी ती माहिती सापडेपर्यंत वाचणारी दांडी मागेपुढे सरकत राहते. दर खेपेला साधारण १० मिलिसेकंद जातात. एसएसडीत हलणारा भागच नसल्याने हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात उरकते. म्हणूनच अडीच इंची साटा एसएसडी बसवणे हा सर्वांत वसूल होणारा खर्च. ४ जीबी रॅम ८ करण्यानेही फरक पडतो; मात्र डीडीआर३ च्या खाचेत डीडीआर४ बसत नाही, तेव्हा मदरबोर्ड आधी पाहावा.

काही दुखणी तर अगदीच किरकोळ. तारीख-वेळ दर वेळी चुकत असेल, तर सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. तापून बंद पडणाऱ्या यंत्राच्या पंख्यात अनेकदा धुळीचे पुंजके निघतात. मदरबोर्डच गेला असेल, तर मात्र जुन्यावर पैसे घालू नयेत.

खरी अडचण सॉफ्टवेअरची. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर त्याच्या यादीत नाहीत. अशा यंत्रावर लिनक्स मिंट सुखाने चालते. पत्रव्यवहार, ब्राउझर, चित्रपट यांना ते पुरते. टॅलीसारखे विंडोजवरचे काम रोजचे असेल, तर नवा संगणक घेणेच बरे.