खाजणांतलें शहर

मे महिन्याच्या सुटींत कांहीं स्नेह्यांसह इटलींत असतां एक दिवस व्हेनिस पाहण्याचा योग आला. पादुआहून सकाळच्या आगगाडीनें निघालों. शेवटचा सुमारें पावणेचार किलोमीटरचा प्रवास खाऱ्या पाण्यावर बांधलेल्या पुलावरून होतो. हा पूल १८४६ सालीं खुला झाला. तोंपर्यंत ह्या शहरास नावेवांचून जातां येत नसे. स्टेशनाच्या पायऱ्या उतरलों, तों समोर रस्त्याऐवजीं रुंद कालवा! "रिक्षा कोठें मिळेल?" असें एका स्नेह्यानें थट्टेनें विचारलें. येथें बसच्या जागीं लाँच धांवते. आजाऱ्यास नेणें, आग विझविणें, कचरा उचलणें हींहि कामें नावांनींच होतात.

हें शहर पाण्यावर तरंगतें, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. किनाऱ्यालगतच्या उथळ खाजणांतील शंभरावर लहान बेटें चारशेंहून अधिक पुलांनीं सांधून तें झालेलें आहे. बेटांची भूमि चिखलाची. म्हणून जुन्या कारागिरांनीं तींत लांकडी खुंट अगदीं जवळजवळ ठोकले, त्यांवर फळ्या अंथरल्या, वर पाणी फारसें न शोषणारा इस्त्रियाचा दगड रचला, आणि मग विटांच्या भिंती उभारल्या. लांकूड कुजत कसें नाहीं? कुजविणाऱ्या बुरशीस हवा लागते, व चिखलांत ती मिळत नाहीं. सूक्ष्म जंतु तेथेंहि हळूहळू लांकूड पोखरतात खरे. पण चोहोंकडून मातीनें आवळलेले खुंट भार सोशीत राहतात.

आम्हांस अधिक नवल वाटलें तें विहिरींचें. सभोंवार पाणी, पण पिण्यास थेंब नाहीं! म्हणून चौकाखालीं मोठा खड्डा खणून त्यास चिकणमातीचा लेप देत व आंत वाळू भरीत. पावसाचें पाणी त्या वाळूंतून गाळून मधल्या विटांच्या विहिरींत उतरे. १८८४ सालीं मुख्य भूमीवरून नळ आला. आतां विहिरींवर झांकणें आहेत.

संकट आहे तें भरतीचें. विसाव्या शतकांत कारखान्यांनीं भूगर्भांतील पाणी उपसल्यानें जमीन खचली, आणि समुद्र तर चढतच आहे. ४ नोव्हेंबर १९६६ रोजीं पाणी मोजणीच्या खुणेपासून १९४ सेंटिमीटर चढलें, १२ नोव्हेंबर २०१९ रोजीं १८७. अद्यापि कित्येक दारांच्या चौकटींस पाणी अडविणाऱ्या फळ्या बसविण्याच्या लोखंडी खांचा दिसतात. खाजणाच्या तीन मुखांशीं आतां ७८ पोकळ पोलादी दरवाजे तळाशीं निजविलेले आहेत. आंत हवा भरली कीं त्यांतील पाणी निघून ते उभे राहतात. ३ ऑक्टोबर २०२० रोजीं त्यांनीं प्रथमच खरी भरती थोपविली. परंतु कालव्यांतील घाण वाहून नेते तीहि भरती-ओहोटीच! समुद्र जसजसा चढेल, तसतसे दरवाजे अधिक वेळां मिटावे लागतील. मग खाजणाचें काय होणार, हा प्रश्न सुटलेला नाहीं.

दुसरी भरती आमच्यासारख्यांची. १९५१ सालीं ह्या जुन्या शहरांत सुमारें पावणेदोन लाख लोक राहत. आतां पन्नास हजारहि नाहींत. घरें प्रवाशांसाठीं गेलीं, भाडीं वाढलीं, आणि कुटुंबें मुख्य भूमीवर गेलीं. केवळ दिवसापुरतें येणाऱ्यांवर २०२४ पासून कांहीं ठराविक दिवशीं प्रवेश-कर आहे. त्यानें गर्दी हटेल असें आम्हांस तरी वाटलें नाहीं. परततांना एका अरुंद पुलावर एक आजीबाई भाजीची चाकांची पिशवी पायरीपायरीनें ओढीत होत्या. आमच्या घोळक्यामुळें त्यांस वाट मिळेना. आम्ही ओशाळून कठड्याशीं सरलों. मागून आणखी एक घोळका येत होता.