तारेऐवजी निरोप

वीज उपकेंद्रात बिघाड ओळखतो रिले आणि प्रवाह तोडतो ब्रेकर. पूर्वी या दोघांमध्ये तांब्याची तार असे. शंका आली की टेस्ट लॅम्प लावायचा, दिवा पेटला की समाधान! आता अनेक उपकेंद्रांत तारेऐवजी नेटवर्कवरून निरोप जातो. त्यासाठीचे ‘आयईसी ६१८५०’ हे खुले मानक २००२ पासून टप्प्याटप्प्याने आले. कंपनी कोणतीही असो, ब्रेकरला सर्वांनी ‘एक्ससीबीआर’च म्हणायचे. अतितातडीच्या निरोपाला मुदत ३ मिलिसेकंदांची. आपल्या विजेचे एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचे असते.

मी अभियंत्यांना हे शिकवतो. त्यांचा प्रश्न ठरलेला: “सर, निरोप दिसत नाही, मग तपासायचा कसा?” मी तो लॅपटॉपवर पकडून दाखवतो. काही घडले नसले तरी निरोप पुन्हापुन्हा येतच राहतो. त्यावरून वाट शाबूत असल्याचे कळते. त्यात दोन आकडे असतात. एक प्रत्येक पुनरुक्तीला वाढतो, दुसरा फक्त स्थिती बदलल्यावर, आणि तेव्हा पहिला शून्यावर येतो. हे वाचता आले की चेहरे खुलतात.

एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरची बटणे पाठ केलेला अभियंता मात्र दुसऱ्या कंपनीचा रिले आला की अडतो. कंपनीचा माणूस येईपर्यंत फीडर बंद! म्हणून माझ्या वर्गात टेबलावर दोन वेगळ्या कंपन्यांचे रिले असतात. पहिल्याच दिवशी त्यांचे बोलणे विद्यार्थ्यांनी जुळवायचे.