धारूर : सीमेवरचे ओस पडलेले ठाणे



वर्गात ‘किल्ला’ हा शब्द उच्चारला की मुलांच्या डोळ्यांपुढे रायगड किंवा प्रतापगड उभा राहतो. हे स्वाभाविकच आहे. परंतु आपल्याच जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरांत असलेला धारूरचा किल्ला निराळ्या जातीचा आहे. राजाने राहावे म्हणून तो बांधला गेला नाही. शेजाऱ्याच्या मुलखावर वचक बसविण्यासाठी उभारलेले ते लष्करी ठाणे होते.

१५६५ साली विजयनगरविरुद्ध एकत्र लढलेले विजापूरचे आदिलशाह आणि अहमदनगरचे निजामशाह लवकरच पुन्हा एकमेकांवर उलटले. अहमदनगरच्या गादीवर अल्पवयीन मुर्तजा होता व कारभार त्याची आई खुंजा हुमायून पाहत होती. ही संधी साधून विजापूरचा सरदार किश्वरखान लारी याने सरहद्दीवरचा मुलूख दाबला, १५६७ च्या सुमारास धारूरला किल्ला बांधला आणि भोवतालचा महसूल वसूल करण्यास आरंभ केला. ही बाब मुलांना अवश्य सांगावी. तटावर निशाण कोणाचे, एवढाच प्रश्न रयतेपुढे नव्हता. धान्याचा वाटा कोणाच्या कोठारात जाणार, हाही होता.

१५६९ मध्ये मुर्तजाने कारभार हाती घेतला व तो धारूरवर चालून आला. किश्वरखानाच्या उद्धट पत्राने तो संतापला आणि किल्ला घेतल्यावाचून घोड्यावरून उतरणार नाही, असे म्हणाला, अशी हकीकत फिरिश्ता देतो. बाण लागून किश्वरखान पडला आणि शिबंदी पळाली. पत्राची गोष्ट मुलांना फार आवडते, असा माझा अनुभव आहे. मात्र ही हकीकत एका बखरकाराची आहे, हे सांगण्यास विसरू नये.

पुढे १६३१ च्या आरंभी मोगल सरदार आझमखानाने धारूर जिंकले. दख्खनेत तेव्हा भयंकर दुष्काळ होता. १६३६ मध्ये निजामशाही बुडाली, १६८६ मध्ये विजापूरही पडले, आणि ज्या सीमेसाठी हे ठाणे होते ती सीमाच उरली नाही. १० ऑगस्ट १७६३ रोजी पेशवे व निजाम यांची मोठी लढाई आपल्याच जिल्ह्यात झाली, पण ती गोदाकाठी राक्षसभुवनला.

सहल नेल्यास ढासळलेल्या तटावर मुलांना चढू देऊ नये. एकदा एका मुलाने मला विचारले, “गुरुजी, शत्रू कोणत्या बाजूला होता?” याचे उत्तर फळ्यावरच द्यावे. तीन नकाशे काढावेत. १५६७ च्या नकाशात शत्रू पश्चिमेकडे, अहमदनगरला; १५६९ नंतरच्या नकाशात तो दक्षिणेकडे, विजापूरला. किल्ला मात्र त्याच जागी. तिसरा नकाशा १६८६ नंतरचा. त्यात धारूरचा ठिपका द्यावा आणि सीमेची रेघ काढू नये.