शून्यलब्धीपासून सीमेपर्यंत

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बाळशास्त्री जांभेकरांनी पाश्चात्त्यांच्या नव्या गणिताची मराठी वाचकास ओळख करून देण्यासाठी जे पुस्तक लिहिले, त्याचे नाव ‘शून्यलब्धि’. लब्धि म्हणजे भागाकाराचे फळ. तेव्हा भाज्य आणि भाजक दोन्ही शून्यात विरत असता जी लब्धि मागे उरते तिचे गणित, अशी या शब्दाची फोड मी करतो, आणि ज्या विद्येला आज आपण कलनशास्त्र म्हणतो तिच्या मर्मावर इतके नेमके बोट ठेवणारे दुसरे नाव मला माहीत नाही. मात्र बाळशास्त्री लिहीत होते त्या काळी खुद्द युरोपातही या लब्धीचा अर्थ काय, या प्रश्नाचा निकाल पुरता लागलेला नव्हता. न्यूटनापासून मोजले तर तो लागायला दोनशे वर्षे लागली. आणि तीसएक वर्षे अकरावीच्या मुलांना ‘सीमा’ हे प्रकरण शिकवीत आल्यावर माझी अशी खात्री झाली आहे की, त्या दोनशे वर्षांत थोर गणितज्ञ जिथे जिथे अडखळले, नेमक्या त्याच जागी आमची मुलेही अडखळतात. त्यामुळे त्या काळाचा मागोवा घेणे हा मला शिकवण्याच्या कामाचाच एक भाग वाटत आला आहे.

आपल्याकडे हा प्रश्न त्याहून जुना आहे. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकाच्या मध्यास रचलेल्या लीलावतीत असे एक उदाहरण घातले आहे की, एका संख्येला शून्याने गुणिले, त्यात त्या गुणाकाराचे अर्ध मिळविले, आलेल्या राशीस तिनाने गुणिले आणि शून्याने भागिले, तो उत्तर ६३ आले. तर मूळ संख्या कोणती? उत्तर १४. चौदा आणि सात मिळून एकवीस, त्याची तिप्पट त्रेसष्ट. गुणक शून्य आणि भाजक शून्य यांची परस्पर फेड झाली. आचार्यांचा नियम असा की, पुढे काही विधी शिल्लक असेल तर शून्याने गुणलेल्या राशीस तत्काळ शून्य म्हणू नये, तिला ‘खगुण’ म्हणून राखून ठेवावी, आणि मागाहून शून्यच भाजक होऊन आले तर राशी अविकृत राहिली असे समजावे. ग्रहगणितात याचा मोठा उपयोग आहे, अशी पुस्तीही त्यांनी जोडली आहे. निकालाची घाई करू नये, शून्य व्हायच्या आधी राशीचे काय होते ते पाहावे, ही जी समज या नियमाच्या तळाशी आहे तिच्यात सीमेच्या कल्पनेचे बीज मला स्पष्ट दिसते.

न्यूटनने १६६५-६६ च्या सुमारास आणि लायब्निट्सने त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हे गणित उभे केले. न्यूटनची रीत पाहावी: क्ष ला ‘ओ’ इतकी यत्किंचित वाढ दिली, तर क्ष² मध्ये २क्षओ + ओ² इतकी वाढ होते, तिला ओ ने भागिले म्हणजे २क्ष + ओ येते, आता ओ सोडून दिला की २क्ष उरते, आणि तोच वाढीचा तात्कालिक वेग. उत्तर बिनचूक येते. ग्रहांच्या कक्षा, वक्रांच्या स्पर्शिका, घनांची आकारमाने, सर्व काही या रीतीने उलगडू लागले, आणि ज्या हत्याराने इतकी कामे पार पडतात त्याची बैठक तपासावी अशी निकड पुष्कळांना वाटली नाही. स्वतः न्यूटनला मात्र ती वाटत होती. १६८७ च्या प्रिन्सिपियात त्याने नाहीशा होत जाणाऱ्या राशींच्या अंतिम गुणोत्तराचा जो खुलासा केला आहे, त्यात हे गुणोत्तर म्हणजे एक सीमा असून राशी तिच्याशी कोणत्याही दिलेल्या फरकाहून अधिक जवळीक साधतात, असा आशय आलेला आहे. पण तो खुलासा टिपणातच राहिला. वहिवाट ओ सोडून देण्याचीच पडली.

या वहिवाटीविरुद्ध पहिली खणखणीत फिर्याद १७३४ साली दाखल झाली, ती जॉर्ज बर्कली या आयर्लंडातील बिशपाने. धर्माच्या गूढांवर अविश्वास दाखविणाऱ्या गणितज्ञाने आपल्या घरातील गूढे आधी तपासावीत, हा त्याचा हेतू होता. पण हेतू बाजूला ठेवला तरी त्याचा युक्तिवाद अभेद्य होता. ओ ने भागता ते तो शून्य नाही असे गृहीत धरून. मग तो शून्य आहे असे धरून टाकून देता. पहिले गृहीतक मोडल्यावर त्याच्याच आधारे मिळालेले फळ मात्र जवळ ठेवता. हे कोणत्या तर्कशास्त्रात बसते? माझ्या वर्गात दरवर्षी कोणीतरी हीच फिर्याद घेऊन उभे राहते. फळ्यावर (क्ष² − ४) भागिले (क्ष − २) मांडलेले असते, क्ष − २ वरून आणि खालून खोडून क्ष + २ केलेले असते, त्यात २ घालून ४ हे उत्तर काढलेले असते, आणि मागच्या बाकावरून प्रश्न येतो, ‘‘सर, खोडताना ते शून्य नव्हते, मग आता शून्य कसे झाले?’’ हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला गप्प बसविणारा शिक्षक गणिताचे नुकसान करतो, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण ज्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर देण्यास युरोपातील पंडितांना शतकाहून अधिक काळ लागला, तो प्रश्न त्या मुलाने आपल्या बुद्धीने शोधून काढलेला असतो.

उत्तरे पुष्कळांनी दिली. मॅक्लॉरिनने १७४२ मध्ये ग्रीक भूमितीच्या धर्तीवर दोन खंडांचा प्रशस्त ग्रंथ लिहिला. ऑयलरने १७५५ मध्ये, या सूक्ष्म राशी शून्यच आहेत पण शून्यांचेही गुणोत्तर निश्चित असू शकते, असे प्रतिपादिले. दालांबेरने फ्रेंच विश्वकोशात सीमा हाच या शास्त्राचा खरा पाया असे ठामपणे सांगितले, आणि ही गोष्ट त्याच्या श्रेयाची खरी. पण सीमेकडे जाणारी राशी सीमा कधी ओलांडत नाही, अशी एक अनावश्यक अटही त्या कल्पनेला तेथेच चिकटून राहिली. वर्तुळात कोरलेल्या बहुभुजाकृतीचे उदाहरण डोळ्यांपुढे असले म्हणजे असे वाटणे साहजिक आहे. बाजू कितीही वाढवल्या तरी आकृती वर्तुळाच्या आतच राहते. पण सगळी फलने इतकी सालस नसतात. बर्लिनच्या अकादमीने १७८४ मध्ये गणितातील अनंताचा निःसंदिग्ध सिद्धान्त मागणारे पारितोषिक जाहीर केले, १७८६ मध्ये ते ल्युइलिए यास मिळाले, आणि तरीही प्रश्न होता तिथेच राहिला. ज्याच्या प्रेरणेने ती स्पर्धा झाली त्या लाग्रांजने १७९७ मध्ये सीमा आणि अनंतसूक्ष्म या दोन्ही कल्पना हद्दपार करून सर्व काही अनंत श्रेढींवर उभे करण्याचा यत्न केला. तो यत्न उदात्त होता, पण एका बिंदूपाशी स्वतःची किंमत आणि सर्व अवकलजे शून्य असूनही इतरत्र शून्य नसलेले एक फलन कोशीने १८२२ मध्ये पुढे ठेवले, आणि तो मार्ग बंद झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे, आणि या सगळ्या इतिहासात मला तीच सर्वांत मोलाची वाटते. लाग्रांजचा तो ग्रंथ पॅरिसच्या एकोल पोलितेक्निक या विद्यालयातील अध्यापनातून निघाला. कोशीचा १८२१ चा ग्रंथही त्याच विद्यालयातील विद्यार्थ्यांसाठी सिद्ध झाला. आणि रिशार्ड डेडेकिंड यास वास्तव संख्यांची उपपत्ती सुचली ती झुरिकच्या तंत्रविद्यालयात कलनशास्त्र प्रथमच शिकविण्याची पाळी आली तेव्हा, आपण जे सांगणार आहोत त्याला आधार नाही ही टोचणी असह्य होऊन. ती तारीखही त्याने नोंदवून ठेवली आहे: २४ नोव्हेंबर १८५८. संशोधकाला उत्तर मिळाले की तो पुढे जाऊ शकतो. शिक्षकासमोर मात्र मुले बसलेली असतात, आणि ती ‘का’ म्हणून विचारतात.

कोशीची व्याख्या शब्दांत आहे: एखाद्या चलाच्या उत्तरोत्तर किमती एका स्थिर किमतीच्या इतक्या जवळ जात राहिल्या की फरक हवा तितका कमी करता येईल, तर ती स्थिर किंमत म्हणजे सीमा. वाचायला ही स्वच्छ आहे, परंतु ‘जवळ जाणे’ या शब्दांवर विसंबले की घात होतो. एका वर्षी मी मुलांना क्ष शून्याजवळ नेताना ज्या (π/क्ष) या फलनाचे काय होते ते आकडेमोड करून पाहण्यास सांगितले. एका हुशार मुलीने नीटनेटका तक्ता आणला: क्ष = ०.१ असता ०, ०.०१ असता ०, ०.००१ असता ०. तिने खाली लिहिले, सीमा शून्य. मी तिला ०.१ सोडून २/५, २/९, २/१३ अशा किमती घ्यायला सांगितल्या, आणि दर खेपेस उत्तर १ आले. ती आपल्याच तक्त्याकडे बराच वेळ पाहत राहिली. शून्याच्या कितीही निकट गेले तरी हे फलन उणे एक आणि एक यांच्यात हेलकावतच राहते. त्याला तेथे सीमा नाही, आणि तक्त्याने दिलेली साक्ष, प्रत्येक आकडा खरा असूनही, खोटी होती.

ही साक्ष कोणत्या कसोटीवर घ्यावी हे ज्याने ठरवून दिले, तो कार्ल वायरस्ट्रास आयुष्याच्या चाळिशीपर्यंत प्रशियाच्या आडगावांतील शाळांत शिकवीत होता. गणिताबरोबर सुलेखन आणि कवायतही त्याच्याकडे होती. त्याच्याआधी प्रागच्या बोल्झानोने १८१७ मध्ये सांतत्याची जवळजवळ आजच्यासारखी व्याख्या छापली होती, पण ती पुस्तिका फारशा कोणाच्या हाती गेली नाही. वायरस्ट्रासने बर्लिनमध्ये १८६१ साली दिलेल्या व्याख्यानांची जी टिपणे त्याच्या विद्यार्थ्याने, श्वार्ट्‌झने, ठेवली, त्यांत एप्सिलॉन आणि डेल्टा आपापल्या जागी येऊन बसलेले दिसतात. पुढे प्रकृती ढासळल्यावर तो बसून बोलत असे आणि फळ्यावर विद्यार्थी लिहीत असे.

त्याने केले ते इतकेच की प्रश्नाचा क्रम फिरविला. आधी क्ष पुढे सरकतो आणि मग फलन कुठे जाते ते पाहू, असे म्हणण्याऐवजी त्याने आधी फलनाच्या बाजूने हमी मागितली. हा एक करार आहे असे समजा. पहिला पक्षकार म्हणतो, क्ष² ची किंमत ९ पासून एक शतांशाहून अधिक ढळता कामा नये. दुसऱ्याने जामीन राहून सांगायचे की, क्ष ला ३ पासून १/७०० च्या आत ठेवा, मी हमी घेतो. हा आकडा कुठून आला? क्ष² आणि ९ यांतला फरक म्हणजे (क्ष − ३) गुणिले (क्ष + ३), आणि क्ष जोवर २ व ४ यांच्या दरम्यान आहे तोवर दुसरा गुणक ७ पेक्षा कमीच राहतो. म्हणून मागितलेल्या सवलतीस ७ ने भागावे. पहिल्या पक्षकाराने उद्या सवलत घटवून दशसहस्रांश केली, तर उत्तर १/७०,००० हे तयार आहे. सवलत (एप्सिलॉन) कितीही तोकडी असो, प्रत्येक मागणीस असे उत्तर (डेल्टा) देता येणे, यालाच सीमा अस्तित्वात असणे म्हणतात. यात कोठेही काही सरकत नाही, काही नाहीसे होत नाही, शून्याने कोणी भागत नाही. सीमा गाठली की न गाठली, ओलांडली की न ओलांडली, याची चौकशीच उरत नाही. बर्कलीची फिर्याद येथे निकालात निघाली. १८७२ मध्ये हाइनेच्या लेखातून ही भाषा छापील रूपात सर्वत्र पोचली, आणि त्याच वर्षी डेडेकिंडनेही आपली चौदा वर्षांपूर्वीची उपपत्ती प्रसिद्ध केली.

पुढे लेथमने १९०५ मध्ये आणि हार्डीने १९०८ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात सीमेच्या खाली तो सुबक बाण रूढ केला, आणि वायरस्ट्रासने कष्टाने बाहेर काढलेली गती चिन्हाच्या वाटेने पुन्हा घरात आली. लिहिण्यास बाण सोयीचा आहे, मीही तो रोज काढतो. पण मुलांच्या मनात तो धावू लागतो, आणि दालांबेरची जुनी अट त्याच्या पाठोपाठ येते.

माझ्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना विनंती अशी की, हे प्रकरण सुरू कराल त्या पहिल्या दिवशी बाण फळ्यावर काढू नका. क्ष², ३ आणि ९ एवढेच लिहा, खडू एखाद्या मुलाच्या हाती द्या, आणि किती फरक चालेल ते आधी त्यालाच ठरवू द्या.