वाहनस्वच्छतेचे रसायनशास्त्र : पिंपरी-चिंचवड व चाकण परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना : पिंपरी-चिंचवड व चाकण हा मोटारनिर्मितीचा प्रमुख पट्टा. मोटारी धुण्यासाठी वापरली जाणारी द्रव्ये येथील नद्यांच्या दृष्टीनेही अभ्यासणे आवश्यक आहे.

१. प्रक्षालन : मोटारीवरील धूळ तेलकट थरामुळे चिकटते. शाम्पूतील पृष्ठक्रियाकारक रेणूचे एक टोक जलस्नेही, तर दुसरे तैलस्नेही असते. तैलस्नेही टोके तेलकणाला वेढतात व तो पाण्याबरोबर वाहून जातो. विंधन विहिरीच्या जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियममुळे साबणाचा अविद्राव्य साका बनतो. म्हणून संश्लेषित प्रक्षालके वापरतात.

२. सामू व मेण : कपड्यांच्या धुलाई पावडरीच्या द्रावणाचा सामू सुमारे १० असतो. असे अल्कधर्मी द्रावण रंगावरील संरक्षक मेण काढून टाकते. यास्तव मोटारीच्या शाम्पूचा सामू साधारणतः ७ च्या आसपास राखतात. कार्नोबा मेणाचा वितळणबिंदू ८२ ते ८६ अंश सेल्सिअस असल्याने ते उन्हात सहसा वितळत नाही.

३. फेसाचा प्रवास : प्रक्रियेविना वाहणारे धुलाईचे पाणी अखेर पवना व इंद्रायणी या नद्यांना मिळते. सरळ साखळीच्या अल्किलबेंझीन सल्फोनेटचे जीवाणू विघटन करतात; मात्र त्यासाठी विद्राव्य ऑक्सिजन लागतो. सांडपाण्यामुळे ऑक्सिजन घटलेल्या प्रवाहात हे द्रव्य रेंगाळते. आळंदीच्या इंद्रायणीवर अलीकडे वारंवार दिसलेल्या फेसामागे प्रामुख्याने घरगुती व औद्योगिक सांडपाणी असले, तरी मोटारधुलाईचे पाणीही त्याच रसायनाची भर घालते.

निष्कर्ष : 'जैवविघटनशील' हा गुण केवळ रेणूचा नसून नदीच्या स्थितीचाही आहे. म्हणून प्रक्षालक मोजके वापरावे व धुलाईचे पाणी शुद्धीकरण केंद्राकडेच वळवावे.