होसकोट्याचे प्रकाशमापक

ऑक्टोबर २०१६ मध्ये भारताच्या ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहाने आकाशाच्या एका छोट्याशा तुकड्यावर २८ तासांहून अधिक काळ नजर रोखली होती. त्या नोंदी पुण्याच्या ‘आयुका’मधले कनक साहा आणि त्यांचे सहकारी जवळजवळ दोन वर्षे तपासत राहिले. त्यातून हाती आली ९.३ अब्ज प्रकाशवर्षे दूर असलेली एक दीर्घिका आणि तिची तीव्र अतिनील किरणे. हबल दुर्बिणीचा आरसा २.४ मीटरचा, ॲस्ट्रोसॅटवरच्या ‘यूव्हीआयटी’ या अतिनील दुर्बिणीचा जेमतेम ३८ सेंटिमीटरचा. तरीही ही किरणे धाकटीनेच टिपली. कारण तिच्या शोधकात गोंगाट, म्हणजे उपकरणाने स्वतःहून निर्माण केलेले खोटे संकेत, हबलपेक्षा फारच कमी होता.

ही यूव्हीआयटी जुळवली गेली ती बंगळूरजवळच्या होसकोट्यात. एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीत असलेल्या या गावात १७६८ मध्ये मराठा सरदार मुरारराव घोरपड्यांच्या तळावर हैदर अलीने रात्रीचा छापा घातला होता आणि मुराररावांच्या सैन्याने तो परतवून लावला होता. आता इथे भारतीय ताराभौतिकी संस्थेचे ‘क्रेस्ट’ संकुल आहे. लडाखमध्ये हानले इथे साडेचार हजार मीटर उंचीवर असलेली दोन मीटरची चंद्रा दुर्बीण उपग्रहाच्या दुव्यावरून इथूनच चालवली जाते. याच आवारात एम. जी. के. मेनन यांच्या नावाची अवकाश प्रयोगशाळा आहे.

अंधुक तारा मोजायचा म्हणजे प्रकाशाचे कण एकेक करून मोजायचे. यूव्हीआयटीच्या शोधकावर प्रकाशकण आदळला की एक इलेक्ट्रॉन सुटतो. पुढे काचेच्या पातळ चकत्या असतात आणि त्यांना असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. चकतीच्या दोन्ही बाजूंना उच्च दाबाची वीज दिलेली असते. छिद्राच्या भिंतींवर आपटत जाताना त्या एका इलेक्ट्रॉनमागे लाखो इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. हा लोंढा फॉस्फरच्या पडद्यावर आदळतो, तिथे ठिणगीएवढा उजेड पडतो आणि ५१२ बाय ५१२ चित्रबिंदूंची चिप तो टिपते. चिप सेकंदाला सुमारे २९ वेळा वाचली जाते. उजेडाचा ठिपका काही चित्रबिंदूंवर पसरलेला असला, तरी त्याचा मध्य एका चित्रबिंदूच्या बत्तिसाव्या भागापर्यंत काढता येतो. चिपचा स्वतःचा गोंगाट त्या ठिपक्यापुढे नगण्य ठरतो. हबलला जे साधले नाही ते या छोट्या दुर्बिणीला साधले ते असे.

पण या साऱ्याचा प्राण आहे तो वीजपुरवठा. बातम्यांत रॉकेटला रकानेच्या रकाने मिळतात आणि पॉवर सप्लायला ओळही मिळत नाही, हा अन्यायच आहे. उपग्रहाच्या वीजवाहिनीचा दाब शंभर व्होल्टच्या आतला. शोधकाला लागतात हजारो व्होल्ट, तेही न हेलकावणारे. दाब ढळला की इलेक्ट्रॉनांचा गुणाकार बदलतो आणि मोजणीवरचा भरवसा जातो. त्यातच नव्या उपग्रहातून अवकाशात बराच काळ वाफा निघत राहतात. अशा विरळ वायूत उच्च दाबाची वीज सोडली तर ठिणगी पडून शोधक कायमचा निकामी होऊ शकतो. त्या वाफा आरशांवर बसल्या तर अतिनील प्रकाश अडतो तो वेगळाच. म्हणून २८ सप्टेंबर २०१५ रोजी प्रक्षेपण झाले तरी दुर्बिणीची झाकणे उघडली ती ३० नोव्हेंबरला, आणि व्होल्टेजही टप्प्याटप्प्याने चढवले गेले. वाटेत फार तेजस्वी तारा आला तर उच्च दाब आपोआप उतरवण्याची सोयही केलेली आहे. एवढे जपूनही मार्च २०१८ मध्ये यूव्हीआयटीच्या तीन वाहिन्यांपैकी निकट-अतिनील वाहिनी बंद पडली. बाकीच्या दोन मात्र पुढेही काम करत राहिल्या.

होसकोट्याच्या त्या प्रयोगशाळेला मेनन यांचे नाव शोभते. मेनन हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संचालक होते आणि १९७१ मध्ये स्थापन झालेल्या इलेक्ट्रॉनिक्स आयोगाचे अध्यक्षही. पुढे याच आयोगाचे अध्यक्षपद प्रभाकर देवधर यांच्याकडे आले. त्यांनी १९६२ मध्ये सुरू केलेल्या ठाण्याच्या ‘अपलॅब’चे पॉवर सप्लाय आणि ऑसिलोस्कोप देशभरच्या प्रयोगशाळांमधल्या बाकांवर पोहोचले. अवकाशात जाणारे यंत्र असो की कॉलेजातला प्रयोग, स्थिर व्होल्टेज मिळाल्याशिवाय मोजमापाला सुरुवातच होत नाही.

यूव्हीआयटीनंतर होसकोट्यात ‘व्हीईएलसी’ घडले. ‘आदित्य एल-१’ यानावरचे हे मुख्य उपकरण सूर्याचे प्रभामंडल बघते. ते प्रभामंडल सूर्यबिंबापेक्षा जवळपास दहा लाख पटींनी मंद असते, त्यामुळे आरशावरच्या धुळीच्या कणाने थोडासा सूर्यप्रकाश विखुरला तरी सगळे चित्र बुडते. त्यासाठी इथे ‘क्लास १०’ दर्जाची स्वच्छ खोली उभारली गेली: एक घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण दहापेक्षा जास्त चालत नाहीत. आत काम करणाऱ्यांना परफ्यूम लावून यायलाही मनाई होती, कारण सुगंधाची वाफही शेवटी आरशावरच जाऊन बसते. सूर्यबिंबाचा प्रखर प्रकाश बाजूला काढायची युक्ती सुरेख आहे. दुसऱ्या आरशाच्या मधोमध भोक आहे. बिंबाचा प्रकाश त्यातून पलीकडे निघून जातो आणि प्रभामंडलाचा तेवढा परावर्तित होऊन पुढे येतो. जानेवारी २०२३ मध्ये हे उपकरण होसकोट्याहून इस्रोच्या ताब्यात गेले. २ सप्टेंबरला आदित्य झेपावले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, जिथून सूर्य कधीच झाकला जात नाही अशा जागी, स्थिरावले.